मंत्री महोदय, आधी तो हायमास्ट विझवा

प्रति,
माननीय मंत्री महोदय,
महाराष्ट्र शासन

विषय : तालुक्याच्या शाळेतले आकाशनिरीक्षण केंद्र व त्याच्यासमोर उभा केलेला हायमास्ट

सप्रेम नमस्कार.

सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या गावात येऊन या केंद्राचा नारळ आपणच फोडला होता. इथली पोरं दुसऱ्या सूर्यांचे ग्रह शोधतील, असा शब्द मंचावरून दिला होता. मागच्या महिन्यात केंद्राच्या सरकत्या छतापासून चाळीस पावलांवर बारा मीटरचा हायमास्ट उभा राहिला. त्यावर सहा एलईडी फ्लड आहेत, एकालाही टोपी नाही, आणि दोघांची तोंडं चक्क वर. आता दुर्बिणीच्या नळीत सरळ उजेड शिरतो. तीन अर्ज झाले, तिन्हींची पोच आमच्याकडे आहे, उत्तर एकाचंही नाही. म्हणून हे खुलं पत्र.

आठ इंची दुर्बिणीतून ग्रह कुठे दिसतो, असं आपल्या खात्यातल्या एका अधिकाऱ्याने विचारलं. ग्रह दिसत नाही, जगातल्या सर्वांत मोठ्या दुर्बिणींनाही मोजकेच दिसतात. तो ताऱ्यासमोरून जाताना ताऱ्याचा उजेड किंचित घटतो, ती घट मोजायची असते. यालाच अधिक्रमण म्हणतात. गुरूएवढा ग्रह सूर्याएवढ्या ताऱ्यापुढून गेला तर साधारण एक टक्का उजेड कमी होतो, पृथ्वीएवढा गेला तर दहा लाखांत फक्त ८४ भाग. ही दुसरी घट वातावरणाखालून पकडता येत नाही, म्हणून दुर्बीण अवकाशात न्यावी लागली. २००९ मध्ये सोडलेल्या केप्लर दुर्बिणीने हंस आणि स्वरमंडल या तारकासमूहांच्या दिशेच्या दीड लाखांवर ताऱ्यांवर चार वर्षं नजर रोखली. २०१८ पासून टेस दुर्बीण हे काम करते आहे. तिचे चार कॅमेरे, प्रत्येकाचं भिंग जेमतेम साडेदहा सेंटिमीटरचं. आकाशाचा एक पट्टा सुमारे २७ दिवस पाहायचा आणि पुढच्या पट्ट्याकडे वळायचं, अशी तिची रीत.

तिच्या याच रुंद नजरेत एक उणीव आहे, आणि तिथेच आमच्यासारख्या गावांचं काम सुरू होतं. टेसचा एक पिक्सेल, म्हणजे चित्राची एक चौकट, आकाशात २१ विकलांचा (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). शेजारचे दोन-चार तारे त्या एकाच चौकटीत मिसळतात. त्यात एखादी ग्रहणकारी जोडी असली, म्हणजे एकमेकांना झाकणारे दोन तारे, आणि चौकटीतल्या एकूण उजेडात तिचा वाटा दोन टक्के असला, तर तिचा अर्धा उजेड झाकला गेला की एकूण घट भरते एक टक्का. हुबेहूब ग्रहासारखी! आमच्या दुर्बिणीवर एका पिक्सेलला एक विकला धरा. टेसच्या एका चौकटीत आमच्या चारशे एक्केचाळीस चौकटी बसतात. घट नेमक्या कोणत्या ताऱ्याची, ते इथून सांगता येतं.

दुसरं काम वेळेचं. तीन दिवसांनी फिरणाऱ्या ग्रहाच्या कालावधीत दहा सेकंदांची चूक राहिली, तर पाच वर्षांत सहाशेवर फेऱ्या होतात आणि चूक साचून दीड तासाच्या पुढे जाते. मग जेम्स वेबसारख्या दुर्बिणीचा अमूल्य वेळ चुकीच्या घटकेला खर्ची पडू शकतो. ती वेळ ताजी ठेवायला जगभर लहान दुर्बिणी लागतात. सारथी तारकासमूहातला वास्प-१२ घ्या. त्याचा ग्रह २६ तासांत एक फेरी मारतो, आणि ही फेरी दर वर्षी सुमारे २९ मिलिसेकंदांनी आखूड होत चालली आहे. तो ताऱ्याकडे ओढला जातोय. हे वर्षानुवर्षांच्या मोजण्यांतूनच कळलं.

आता निविदेकडे येतो. दुर्बीण आली ती दोन अक्षांवर वर-खाली आणि डावी-उजवी फिरणाऱ्या बैठकीवर. अशा बैठकीवर चित्र गोल फिरत जातं. तीन तासांत तुलनेचे तारे, म्हणजे ज्यांच्याशी आपल्या ताऱ्याचा उजेड ताडायचा ते, एका पिक्सेलवरून दुसऱ्यावर सरकतात आणि मोजणी तिथेच बिघडते. इथल्या २१ अंश अक्षांशाला जुळणारा कलता आधार हवा होता, तो यादीतच नव्हता. एकरंगी कॅमेरा नाही, लाल फिल्टर नाही, समोरच्या काचेवर दव धरू नये म्हणून लागणारा गरम पट्टाही नाही. डिसेंबरात कपाशीच्या वावरांवर दव उतरतं तेव्हा ही काच तासाभरात पांढरी होते. आणि इन्व्हर्टर नाही. बैठक, कॅमेरा, पट्टा आणि लॅपटॉप मिळून १३० वॉट, पाच तासांचे ६५० वॉट-तास. १२ व्होल्ट १५० अँपिअर-तासाची एक बॅटरी निम्मी वापरली तरी पुरते. लाईन गेली की बैठक दिशा विसरते, तारा दुसऱ्या पिक्सेलवर जातो, आणि रात्र वाया.

इन्व्हर्टर आणि कलता आधार सोडून बाकीच्या वस्तू लोकवर्गणीतून जमल्या. बाकी पद्धत पोरांनाही पाठ आहे. अधिक्रमणाआधी एक तास आणि नंतर एक तास मोजायचं, नाहीतर घट कशाच्या तुलनेत हे कळत नाही. घड्याळ इंटरनेटच्या वेळेशी जुळवायचं. तारा मुद्दाम थोडा अस्पष्ट ठेवायचा, म्हणजे उजेड जास्त पिक्सेलवर पसरतो. सर्वांत उजळ पिक्सेलची गणना ६५ हजारांच्या कमाल मर्यादेच्या निम्म्यापुढे जाऊ द्यायची नाही. सुरुवात जंबुक तारकासमूहातल्या एचडी १८९७३३ या ताऱ्यापासून करायची. तो ७.७ प्रतीचा (प्रतीचा आकडा जितका मोठा, तितका तारा मंद), घट तब्बल अडीच टक्क्यांच्या जवळ, पाऊस उघडल्यावर ऑक्टोबरात संध्याकाळी जवळजवळ डोक्यावर असतो. एवढा तेजस्वी तारा हायमास्टपुढेही कसाबसा टिकतो. पण वास्प-१२ आहे साडेअकरा प्रतीच्या पुढचा, घट दीड टक्क्याहूनही कमी. पार्श्वभूमी उजळली की तिचा गोंधळ घटीवर चढतो. एका रात्री वास्प-१२ च्या आलेखावर घट उतरू लागली होती. साडेदहाला हायमास्टचे दिवे लागले आणि पुढचे ठिपके शिंतोड्यांसारखे उडाले. तळ सापडलाच नाही.

हायमास्टने गावाचा अंधार हटतो, असं सांगू नका. तो रिकाम्या मैदानावर सकाळी नऊपर्यंत जळतो. शेतीपंपाची लाईन मात्र रात्री दोनला येते, आणि माणूस बॅटरी तोंडात धरून, सापाविंचवाच्या वावरात, ओलिताला जातो. उजेड हवा तिथे नाही आणि नको तिथे आहे. उद्घाटनं मोजली जातात, खांब मोजले जातात, त्यांचा उपयोग कोणी मोजत नाही. अनुशेषाचं गाणं चार दशकं ऐकतो आहोत. दर वेळी आकडा पैशाचा सांगतात. पैसा आला तेव्हा चुकीची बैठक आली, हा अनुशेष कोणत्या तक्त्यात लिहायचा? याच विदर्भात पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा अंधार जपणारं उद्यान, म्हणून मान्यता मिळाली, भोवतालच्या गावांतले दिवे खाली तोंड करून बसवले गेले. मग ते इथे का जमत नाही? अंधार आमच्याकडे फुकट होता, तोही टिकवता आला नाही.

सहाही दिव्यांना टोप्या बसवा आणि तोंडं सरळ खाली करा. पांढऱ्याऐवजी ३००० केल्विन किंवा त्याहून पिवळा दिवा द्या, कारण पांढऱ्यातला निळा उजेड हवेत जास्त विखुरतो. रात्री अकरानंतर बंद करणारं टायमर बसवा. आणि इन्व्हर्टर व कलता आधार मंजूर करा, वर्गणी परत मागत नाही.

हे होईपर्यंत एवढंच कळवा की हायमास्टच्या पेटीची किल्ली कोणाकडे आहे. ग्रामपंचायत म्हणते ठेकेदाराकडे, ठेकेदार म्हणतो ग्रामपंचायतीकडे. हिवाळा सुरू झालाय, सारथी रात्रभर वर असतो.

आपले,
केंद्रावर काम करणारे गावकरी आणि शिक्षक