आईला अमेरिकेत परत पोचवणाऱ्या अनोळखी मंडळींचे आभार

माझ्या आईच्या ग्रीन कार्डाची १० वर्षांची मुदत संपलेली, नवीन कार्ड अजून आलेलं नाही, आणि सोबत फक्त मुदतवाढीचं पत्र. आय-९० अर्जाची, म्हणजे ग्रीन कार्ड नवं करून घेण्याच्या अर्जाची, ही पोच जुन्या कार्डासोबत दाखवली की कार्ड छापील तारखेनंतर ३६ महिने ग्राह्य धरतात. नियम स्पष्ट आहे. पण मुंबई विमानतळावरच्या काउंटरवरच्या मुलाला कार्डावरची उलटलेली तारीखच दिसली आणि त्यानं बोर्डिंग पास थांबवला.

तिथल्या सुपरवायझर ताई, तुमचे आभार कसे मानू? तुम्ही ते पत्र ओळ न् ओळ वाचलंत. पत्रावरचा ए-नंबर, म्हणजे ग्रीन कार्डधारकाचा ओळख क्रमांक, कार्डाशी बोट ठेवून ताडून पाहिलात. अमेरिकी सीमाशुल्क विभागाची विमान कंपन्यांसाठीची मार्गदर्शिका उघडून त्या मुलालाही नियम दाखवलात, तोही न रागावता. "काकू, तुमचे कागद बरोबर आहेत, तुम्ही बसा," हे तुमचं वाक्य आई अजून सगळ्यांना सांगते.

रांगेत मागे उभे असलेले दादा, तुम्हीही अशाच कागदांवर जाऊन आला होतात, हे ऐकून तिच्या जिवात जीव आला. तिची बॅग उचलून पट्ट्यावर ठेवलीत, पाणी आणून दिलंत. एकट्या निघालेल्या बाईसाठी हे फार मोठं आहे.

अमेरिकेत उतरल्यावर अधिकाऱ्यानं अस्सल पत्र पाहिलं, दोन प्रश्न विचारले आणि तिला आत सोडलं. त्यांचेही आभार.

तुमची नावं आम्हाला ठाऊक नाहीत. आमच्या घरातल्या सगळ्यांकडून तुम्हाला मनापासून धन्यवाद.