केळीच्या बागेचं चित्र आणि बाराशेचा प्रिंट

संपादक साहेब, नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत कमी खर्चात हॉल कसा सजवायचा यावर पानभर मजकूर होता. त्यात एक सल्ला असा की नेटवरून आवडेल ते पेंटिंग डाउनलोड करा अन् कॅनव्हासवर प्रिंट मारून घ्या, ओरिजिनलसारखंच दिसतं म्हणे. वाचता वाचता चहा गार झाला माझा. जळगावात आमची छोटीशी गॅलरी आहे, वडलांनी काढलेली, आता मी बघतो, म्हणून लिहितोय.

गॅलरी म्हणजे काय, आधी फ्रेमचंच दुकान. देवाचे फोटो, लग्नाचे फोटो, रिटायरमेंटची मानपत्रं. शाळांमधले ड्रॉइंगचे सर आपली चित्रं फ्रेमला आणायचे आणि पैसे नसले की म्हणायचे एक चित्र ठेवून घे, तशी आमची भिंत भरत गेली. मुंबईच्या केमोल्ड गॅलरीचंही असंच, तिच्या केकू गांधींचा धंदा आधी फ्रेमचा, मग 1963 ला जहांगीर आर्ट गॅलरीच्या पहिल्या मजल्यावर गॅलरी, आणि पुढे ती मुलीने सांभाळली. वडील हे इतक्यांदा सांगायचे की लहानपणी मला ते गांधी आमचे नातेवाईकच वाटायचे. आमचं काही तेवढं झालं नाही, आजही लाइट बिल फ्रेमवरच निघतं.

तर मागच्या उन्हाळ्यात एक गृहस्थ आले, एका रिटायर्ड सरांचं केळीच्या बागेचं ऑइल पेंटिंग त्यांना फार आवडलं, किंमत अठरा हजार, घरी दाखवतो म्हणून मोबाइलवर फोटो काढून गेले. आमच्या जळगावला सुवर्णनगरी म्हणतात, इथे सोन्याच्या तोळ्याचा भाव कोणी कमी करून मागत नाही पण चित्राला मात्र घरच्यांची परवानगी लागते, सवय झालीये आता. दोन महिन्यांनी एका हॉस्पिटलात सर्टिफिकेटच्या फ्रेमा लावायला गेलो तर वेटिंग रूममधे तीच बाग! सरांनी फाटक्या पानांच्या कडांना पेंटिंगच्या नाइफने जाड पिवळा रंग लावलाय, बाजूने उजेड आला की तो उठून दिसतो, इथे सगळं सपाट आणि वरून चकचकीत, कोपऱ्यातली सरांची सही अर्धी कापलेली. रिसेप्शनवरची मुलगी कौतुकाने म्हणाली, बाराशेत झालं. शेजारी बसलेले पारोळ्याकडचे एक बाबा मला अहिराणीत विचारतात, "हाऊ फोटू कितलाले शे भाऊ?" काय सांगणार.

सरांना सांगायला मला आठ दिवस लागले. ते म्हणाले जाऊ दे रे, निदान पेशंट तरी बघतात.

पण मी का जाऊ देऊ? कायद्याने चित्र विकलं तरी कॉपीराइट चित्रकाराकडेच राहतो, लिहून दिला असेल किंवा पैसे देऊन ऑर्डरने काढून घेतलं असेल तर वेगळं. म्हणजे अठरा हजार मोजणाऱ्यालाही प्रिंट काढून विकता येत नाही, मग फोटो काढून नेणाऱ्याचं काय घेऊन बसलात.

प्रिंटशी माझं वाकडं नाही. रविवर्म्यांनी तर स्वतःच प्रेस काढली, खानदेशातल्या कितीतरी जुन्या घरांत त्यांची लक्ष्मी-सरस्वती लागलेली, लोक ती ओरिजिनल समजून माझ्याकडे आणतात आणि भिंगातून छपाईचे ठिपके दाखवले की माझ्यावरच रुसतात. ते 1906 ला गेले, मृत्यूनंतरची 60 वर्षांची मुदत केव्हाच संपली, खुशाल मारा प्रिंट. नकलेशीही वाकडं नाही. भुसावळला कबर आहे त्या रॉबर्ट गिल या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने अजिंठ्याची चित्रं हाताने उतरवण्यात वर्षानुवर्षं घातली आणि त्यातली बरीचशी 1866 ला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाली, तरी नक्कल करताना त्याने भिंतीसमोर उभं राहून डोळे फोडले होते हो. इथे नुसतं बोटाने क्लिक.

तेव्हा पुढच्या रविवारी तो सल्ला दुरुस्त करून छापा एवढीच विनंती. आणि हो, त्याच पानावर वर डावीकडे तापीच्या घाटाचं एक वॉटरकलर छापलंय आणि खाली फक्त 'संग्रहित' लिहिलंय. ते कोणाचं आहे मला माहितीये, तीन वर्षांपूर्वी त्याची फ्रेम आम्हीच केली होती. नाव हवं असेल तर दुपारी चारनंतर दुकानात फोन करा.

— एक गॅलरीवाला, जळगाव