मूक म्हणून गाळलेले बदल

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर कामाविषयी सांगताना तू सहज म्हणालीस की, रुग्णाच्या जनुकांतील बदलांची यादी हाती आली की ज्यांमुळे अमिनो आम्ल बदलत नाही ते सगळे बदल तू पहिल्याच चाळणीत बाजूला काढतेस, "तूच शिकवलं होतंस ना आई, ती उत्परिवर्तनं मूक असतात म्हणून." फोन ठेवल्यावर ते वाक्य मनातून जाईना, कारण ते खरोखर मीच शिकवले होते, आणि तुझ्याबरोबर बारावीच्या कितीतरी तुकड्यांनाही.

स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला तो तक्ता तुला आठवत असेल. जुन्या कॅलेंडरच्या पानामागे स्केचपेनने आखलेली 64 घरे, प्रत्येकात डीएनएच्या तीन अक्षरांचा एक शब्द, म्हणजे कोडॉन; त्यांतली पूर्णविरामाची तीन लाल, आणि उरलेल्या 61 घरांत वाटून दिलेली, प्रथिन ज्यांपासून बनते ती अवघी 20 अमिनो आम्ले. ल्युसीनला सहा घरे आणि मिथिओनीनला एकच, हा तुला अन्याय वाटला होता. त्या तक्त्यावर बोट ठेवून मी सिकलसेलचे उदाहरण देत असे, कारण वर्गात विदर्भातून आणि सातपुड्याच्या पट्ट्यातून आलेली मुले असत आणि त्यांतल्या काहींनी तो आजार घरात पाहिलेला असे. हिमोग्लोबिनचा भाग असलेल्या बीटा ग्लोबिनच्या जनुकातील जीएजी या कोडॉनचे मधले अक्षर बदलून जीटीजी झाले की ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलीन येते आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. पण तिसरे अक्षर बदलून जीएए झाले, तर ग्लुटामिक आम्लच राहते. "म्हणजे काहीच झाले नाही," असे म्हणून मी खडू खाली ठेवत असे. वास्तविक, अमिनो आम्ल बदलले नाही, एवढेच म्हणण्याचा मला अधिकार होता.

जनुकावरून उतरलेला आरएनए प्रथिन बनवण्याच्या कामी लागण्यापूर्वी त्यातले इंट्रॉन, म्हणजे नको असलेले तुकडे, कापले जातात आणि एक्सॉन, म्हणजे ठेवायचे तुकडे, जोडले जातात (यालाच स्प्लायसिंग म्हणतात), हा धडा मी पुढच्याच आठवड्यात शिकवत असे. मात्र कुठे कापायचे आणि काय ठेवायचे याच्या खुणा पुष्कळदा त्याच अक्षरांत दडलेल्या असतात, ज्यांतून अमिनो आम्लांचा क्रम ठरतो, हे दोन धडे जोडून सांगण्याचे मला कधी सुचले नाही.

स्नायू दुबळे करत नेणाऱ्या स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफी या आनुवंशिक आजाराचेच घे. आपल्या पाचव्या गुणसूत्रावर एसएमएन-1 आणि एसएमएन-2 ही जवळजवळ हुबेहूब दोन जनुके आहेत. सातव्या एक्सॉनच्या सहाव्या जागी पहिल्यात सी आहे आणि दुसऱ्यात टी, त्यामुळे एकाचा कोडॉन टीटीसी आणि दुसऱ्याचा टीटीटी होतो; दोन्हींचे अमिनो आम्ल फिनाइलॲलनीन, तक्त्याच्या अगदी पहिल्या चौकटीतले. तरीही त्या एका टीमुळे कापणाऱ्या यंत्रणेला सातवा एक्सॉन ठेवण्याची खूण नीट मिळत नाही, बहुतेक वेळा तो अख्खाच वगळला जातो, आणि एसएमएन-2 पासून पूर्ण लांबीचे प्रथिन जेमतेम दहाव्या हिश्श्याइतके बनते. ज्या बाळाच्या एसएमएन-1 च्या दोन्ही प्रती निकामी असतात त्याला या तुटपुंज्या प्रथिनावर भागवावे लागते. मज्जारज्जूतल्या स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी मरत जातात आणि तीव्र प्रकारात बाळाला मानही धरता येत नाही. एसएमएन-2 च्या प्रती जास्त असल्या तर आजार सहसा सौम्य असतो. डिसेंबर 2016 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले नुसिनर्सेन हे औषध एसएमएन-2 च्या आरएनएला चिकटून सातवा एक्सॉन वगळू देत नाही, आणि ते पाठीच्या कण्यातून टोचावे लागते. एका "मूक" अक्षराने केलेले नुकसान भरून काढण्यासाठी एवढा खटाटोप!

प्रोजेरियात, म्हणजे मुलांना अकाली वार्धक्य आणणाऱ्या आजारात, पेशीकेंद्रकाला आधार देणाऱ्या लॅमिन-ए या प्रथिनाच्या जनुकात जीजीसीचे जीजीटी होते. ग्लायसीनचे ग्लायसीनच राहते, पण एक्सॉनच्या आतच कापण्याची एक आडवाटेची जागा जागी होते, 150 अक्षरे गळतात आणि प्रथिन 50 अमिनो आम्लांनी तोकडे पडते. हे 2003 मध्ये उघड झाले. त्यानंतरही मी कित्येक वर्षे तेच जुने वाक्य फळ्यावर लिहीत होते, याची मला आता लाज वाटते.

यावरून प्रत्येक मूक बदलाचा धसका घेऊ नकोस, कारण त्यांतले बहुसंख्य खरोखर निरुपद्रवी असतात, आणि 1968 मध्ये जपानी आनुवंशशास्त्रज्ञ मोतो किमुरा यांनी मांडलेल्या, रेणूंच्या पातळीवरचे बहुतेक बदल हिताचेही नसतात आणि अपायाचेही नसतात असे सांगणाऱ्या, तटस्थ उत्क्रांतीच्या सिद्धान्ताला पुढे मोठा आधार मिळाला तो अशाच बदलांचा. सगळेच तपासत बसलीस तर एकही अहवाल वेळेवर जाणार नाही. परंतु असा बदल निरुपद्रवी असल्याचा पुरावा केव्हा धरावा, हे जनुकीय बदलांचा अर्थ लावण्याच्या 2015 च्या अमेरिकी मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट दिले आहे: स्प्लायसिंगवर परिणाम होईल असा अंदाज निघत नसेल आणि ते अक्षर उत्क्रांतीत फारसे जपले गेलेले नसेल, तरच. तेव्हा तुझ्या चाळणीच्या आधी निदान तो अंदाज देणारा प्रोग्राम चालव, आणि फक्त एक्सॉनच्या टोकांपाशी पाहून थांबू नकोस. प्रोजेरियातले अक्षर टोकाला नव्हतेच.

तक्ता अजून कपाटाच्या दारावरच आहे. काल मी जीजीसी आणि जीजीटीच्या मध्ये पेन्सिलीने एक रेघ ओढली. दिवाळीला येशील तेव्हा जुन्या याद्यांत काही सापडले का ते सांग. रुग्णांची नावे अर्थातच नकोत.

तुझी,
आई