विचारत विचारत आलो

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी माझी भाची ऐरोलीला माझ्याकडे आली होती. मराठी माध्यमातून दहावी झाली, आता विज्ञान शाखेत जायचं म्हणते. जाता जाता तिने विचारलं, "आत्या, कॉलेजात पहिल्या दिवशी काय काय न्यायचं गं?" मी म्हटलं, एक वही, पेन आणि आयकार्डासाठी दोन फोटो. ती गेली आणि मला रात्री झोप लागेना. २००५ साली मला कुणी जे सांगायला हवं होतं, त्यातलं मी तिला काहीच सांगितलं नव्हतं. ते आज आपल्या पत्रांच्या सदरात लिहिते आहे, कारण ठाण्यात आणि नवी मुंबईत या दिवसांत तिच्यासारखी पुष्कळ मुलं अकरावीचे अर्ज भरत असतील, आणि त्यांतल्या कितीतरी घरांत कॉलेजची पायरी चढणारं ते पहिलंच माणूस असेल. माझ्या घरात ती मी होते.

माझे वडील, आबा, वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात माथाडी कामगार होते. गाव पाटण तालुक्यातलं. कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीत एका खोलीत आम्ही पाच जणं राहायचो. दहावीला ७४ टक्के मिळाले तेव्हा आबांनी अख्ख्या चाळीला पेढे वाटले. तेव्हा प्रवेश ऑनलाइन नव्हते. प्रत्येक कॉलेजात जाऊन वेगळा अर्ज भरायचा आणि भिंतीवर लागलेल्या यादीत बोट फिरवत नाव शोधायचं. वाशीत माझं नाव लागलं नाही, ठाण्यात तिसऱ्या यादीत लागलं. ठाणे-वाशी रेल्वे प्रवाशांसाठी सुरू झाली ती नोव्हेंबर २००४ मध्ये. ती गाडी नसती तर आबांनी मला ठाण्याला पाठवलंच नसतं.

त्या सोळा वर्षांच्या मला आज भेटता आलं, तर आधी तिच्या शेजारी बाकावर जाऊन बसेन. भौतिकशास्त्राच्या पहिल्याच तासाला सर भराभर बोलतायत, स्केलर, व्हेक्टर, डिस्प्लेसमेंट, आणि ती वहीत डोकं खुपसून बसली आहे. तिला वाटतंय, हे सगळं इतरांना आधीपासून येतं, मलाच येत नाही. मी तिला सांगेन : पोरी, अदिश आणि सदिश राशी तू नववीत शिकली आहेस. डिस्प्लेसमेंट म्हणजे तुझं विस्थापन. ॲक्सलरेशन म्हणजे त्वरण, मोमेंटम म्हणजे संवेग. रसायनशास्त्राच्या मॅडम रिडक्शन म्हणतील, ते आपलं क्षपण. शिकलेलं सगळं तुझ्यापाशी आहे, नावं तेवढी बदललीत. हात वर कर आणि विचार, "सर, याला मराठीत काय म्हणतात?"

मी हात वर केला नाही. दोन आठवडे वर्गात कुणाशी एक शब्दही बोलले नाही.

मग २६ जुलै आला. मंगळवार होता. सांताक्रूझला त्या चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला हे नंतर आपल्यासारख्या वर्तमानपत्रांतूनच कळलं. आम्हाला एवढंच कळलं की दुपारी कॉलेज लवकर सोडलं आणि ठाणे स्टेशनात गाड्या बंद. कुठे जायचं ते सुचेना म्हणून मी भिजत परत कॉलेजात आले आणि पायऱ्यांवर उभी राहिले. माझ्या पुढच्या बाकावर बसणारी एक मुलगी तिथे होती. ती इंग्रजी माध्यमातली, म्हणून मी तिच्याशी बोलायचं टाळत होते. तिनेच विचारलं, "कुठे राहतेस?" मी म्हटलं, कोपरखैरणे. "मग आज कशी जाणार? चल माझ्याकडे, चरईत घर आहे." निघताना तिने गेटवरच्या वॉचमनकाकांच्या रजिस्टरात माझं नाव आणि तिचा पत्ता लिहून ठेवला. मला ते सुचलं नसतं.

त्या घरात वीज नव्हती, फोन बंद होता. तिच्या आईने कोरडे कपडे दिले, पिठलं-भात वाढला. आबांच्या काळजीने मला घास गिळवेना. मला बोलतं करायचं म्हणून असेल, मैत्रिणीने वही उघडली, मेणबत्तीच्या उजेडात आलेख काढला आणि म्हणाली, बघ, व्हेलॉसिटी वाढत जाते ना, ती दर सेकंदाला किती वाढते ते ॲक्सलरेशन. मी एकदम म्हटलं, "म्हणजे त्वरण!" तिने तो शब्द कधी ऐकलाच नव्हता. तिने विचारलं, पुन्हा सांग, कसं लिहायचं? मग आम्ही माझ्या दोनशे पानी वहीच्या पानांवर मधोमध रेघ मारली. डावीकडे माझा शब्द, उजवीकडे तिचा. मेणबत्ती संपेपर्यंत त्रेचाळीस शब्द झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास दार वाजलं. दारात आबा. पायजमा गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेला. पहाटे कोपरखैरण्याहून निघून घणसोली, रबाळे, ऐरोली, दिघा, विटावा करत, कळव्याचा पूल ओलांडून ते ठाण्याला चालत आले होते. माझ्या कॉलेजचं नाव त्यांना नीट घेता येत नव्हतं. म्हणून फीची पावती प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणली होती, ती दाखवत दाखवत कॉलेज गाठलं, वॉचमनकाकांना विचारलं, तिथून चरई विचारलं, मग गल्ली, मग इमारत. मैत्रिणीच्या आईने चहा देताना म्हटलं, "एवढ्या पाण्यातून घर कसं हो सापडलं?" आबा म्हणाले, "विचारत विचारत आलो."

हे मी डोळ्यांनी पाहिलं, आणि तरी त्यातून मला जे घ्यायला हवं होतं ते मी घेतलं नाही. वहीतले शब्द वाढत गेले, अकरावी बऱ्यापैकी पार पडली. पण कॉलेजच्या कार्यालयाची खिडकी मला परकीच राहिली. तिथे गर्दी असायची, आतले कारकून घाईत असायचे, आणि आपला प्रश्न चुकीचा ठरेल ही धास्ती. रेल्वेचा विद्यार्थी सवलतीचा पास काढायला कॉलेजातून फॉर्म मिळतो, हे मला दिवाळीनंतर कळलं. तोवर आबा पूर्ण भाड्याच्या पासाचे पैसे देत होते. ती रक्कम मोठी नव्हती, पण गोण्या उचलून मिळालेली होती.

पुढची चूक मात्र आयुष्यभर पुरली. बारावीत असताना सूचनाफलकावर एक कागद लागला होता : मागास प्रवर्गातील विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांनी जात पडताळणीचे प्रस्ताव कार्यालयात सादर करावेत. मी तो कागद दोनदा वाचला. ज्यांच्या दाखल्यात काही घोळ आहे त्यांच्यासाठी असेल, असं मनाशी ठरवलं आणि वर्गात गेले. माझ्याकडे जातीचा दाखला होता, तेवढा पुरे असं वाटलं. २००७ मध्ये सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा दिली. फार्मसीला इतर मागासवर्गाच्या जागेवर नंबर लागेल इतके गुण मिळाले. कागदपत्रं तपासणारे गृहस्थ म्हणाले, "व्हॅलिडिटी कुठे आहे?" मी जातीचा दाखला पुढे केला. ते म्हणाले, हा दाखला, वैधता प्रमाणपत्र वेगळं असतं, दाखल्याची पडताळणी झाल्यावर मिळतं ते. शेजारच्या खुर्चीवर आबा त्यांच्या ठेवणीतल्या पांढऱ्या सदऱ्यात बसले होते. खुल्या प्रवर्गातून जागा मिळण्याइतके माझे गुण नव्हते. जागा गेली.

मी रसायनशास्त्रात बी. एस्सी. केलं. आज रबाळ्याच्या एका औषध कंपनीत गुणवत्ता तपासणीच्या विभागात काम करते आणि ते काम मनापासून करते. पण फार्मासिस्ट व्हायचं होतं. फळ्यावरच्या त्या कागदाबद्दल खिडकीशी जाऊन एकच वाक्य विचारायचं राहिलं, "हे माझ्यासाठी आहे का?"

म्हणून भाचीला, आणि तिच्या वयाच्या सगळ्यांना, नीट सांगते. वैधता प्रमाणपत्राचं काम बारावीच्या निकालापर्यंत ठेवू नका, अकरावीतच सुरू करा. अर्ज आता ऑनलाइन भरायचा असतो, पण त्यासाठी कॉलेजचं पत्र लागतं, म्हणजे त्या खिडकीशी जावंच लागतं. आणि खरा वेळ जातो तो जुने पुरावे गोळा करण्यात. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीची जातीची नोंद शोधावी लागते, अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीची, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीची. आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या रजिस्टरातली नोंद, कोतवाल बुकातला, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीतला उतारा, असे कागद गावी असतात. आमच्यासारख्यांचं गाव साताऱ्यात, जुन्नरला किंवा कोकणात. एका खेपेत काम होईलच असं नाही.

मुलींच्या आईवडिलांनी आणखी एक लक्षात ठेवावं. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, वर्षाला ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं आहे. प्रवेश मात्र शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा. "फी कुठून आणायची" म्हणून मुलीला फार्मसी-इंजिनीअरिंगचा फॉर्मच भरू द्यायचा नाही, असं अजूनही आमच्या वसाहतीत ऐकू येतं. कृपा करून आधी चौकशी करा.

प्रवेशाचा पसंतीक्रम भरतानाही तसंच. २०२५ पासून अकरावी प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले, दहा कॉलेजं क्रमाने भरता येतात. नियमित फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्या हातच्या जातात. मैत्रिणीने भरलं म्हणून पहिला क्रमांक देऊ नका. त्या कॉलेजात एकदा स्वतः जाऊन या, सकाळच्या गर्दीच्या वेळेला जा, घरी परतायला किती वेळ लागतो ते पाहा.

आणि ग्रंथपालांना भेटा. ठाण्यातलं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आहे. मी तिथे पाऊल ठेवलं ते पदवीच्या शेवटच्या वर्षी. एका शब्दावर अडले होते म्हणून भीत भीत विचारलं, तर तिथल्या काकांनी दोन जाडजूड पुस्तकं पुढ्यात ठेवली. महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाचे भौतिकशास्त्राचे आणि रसायनशास्त्राचे परिभाषा कोश. इंग्रजी शब्द आणि त्यापुढे मराठी प्रतिशब्द, पानंच्या पानं. मी आणि माझी मैत्रीण मेणबत्ती लावून जे करत होतो, ते जाणत्या माणसांनी कधीच करून ठेवलं होतं. त्या टेबलाशी बसून मला रडू आलं. आता हे कोश मोबाइलवरही फुकट पाहता येतात.

काही गोष्टी कुणालाच विचारवत नाहीत, हेही मला माहीत आहे. पहिल्या सहामाहीत गुण घसरले की घरी सांगवत नाही, कुणी त्रास देत असेल तर मैत्रिणीलाही सांगवत नाही. मन फार खचलं तर १४४१६ या सरकारी टेलिमानस क्रमांकावर दिवसरात्र कधीही फुकट बोलता येतं, मराठीतूनही. रॅगिंगविरुद्ध आपल्या राज्यात १९९९ पासून कायदा आहे. ही माहिती वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

संपादक महोदय, आपल्यामार्फत ठाणे आणि नवी मुंबईतल्या कॉलेजांना एक विनंती आहे. पहिल्या आठवड्यात एक तास द्या. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना मराठीतून सांगा की कार्यालयात कुठला फॉर्म मिळतो, पडताळणीचा प्रस्ताव कुणी द्यायचा, शिष्यवृत्तीचा अर्ज कधी भरायचा. सूचनाफलकावरच्या कागदाखाली दोन ओळी साध्या भाषेत लिहा : हे कुणासाठी आहे आणि कुणाला भेटायचं. खिडकीमागच्या माणसांनाही विनवणी आहे. समोरच्या मुलाचा प्रश्न अर्धवट असेल, चुकीचाही असेल. तो विचारायला त्याने किती दिवस धीर गोळा केला असेल याचा विचार करा आणि त्याला पूर्ण बोलू द्या. आपल्या दैनिकानेही निकालाच्या दिवसांत गुणवंतांच्या फोटोंशेजारी या दाखल्यांची आणि मुदतींची चौकट छापावी.

माझी फार्मसीची जागा गेल्यावर आमच्या घरात पडताळणीचा विषय कुणी पुन्हा काढला नाही. भावाचं शिक्षण सुटलं, त्यामुळे त्यालाही गरज पडली नाही. म्हणजे भाचीसाठी आता पहिल्यापासून सुरुवात आहे. येत्या शनिवारी आबा, ती आणि मी पाटणला निघतोय. पणजोबा ज्या शाळेत गेले तिचं जुनं रजिस्टर आता कुठे ठेवलंय ते आम्हाला ठाऊक नाही. आबांनी भाचीला बजावलंय, मुख्याध्यापकांशी बोलायचं ते तिने, आपण नुसतं मागे उभं राहणार. तिला ती दोनशे पानी वही मी देऊन टाकली आहे. शेवटची चाळीसेक पानं अजून कोरी आहेत, रेघ मात्र सगळ्या पानांवर मारलेली आहे.

आपली,
एक वाचक,
ऐरोली, नवी मुंबई