आधी गाडीचं माप, मग नकाशा

सॅन होजे,
१० मार्च २०२६

प्रिय मंदार,

तुझ्या आर.व्ही.च्या (आत झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेल्या गाडीच्या) सहलीचा आराखडा वाचला. वेगास, मग युटामधली झायन, ब्राइस आणि कॅपिटल रीफ ही राष्ट्रीय उद्यानं, शेवटी मोआब. ऑक्टोबरचे पहिले दहा दिवस. क्रम झकास आहे, गडबड एकाच ठिकाणी. झायनहून ब्राइसला बोगद्यातून दोन तासांत पोचतोस असं तू धरलंयस. तो बोगदा १९३० सालचा, छत कमानदार. कडेला उंची कमी पडते म्हणून मोठी गाडी मधोमध चालवावी लागते. आजवर पंधरा डॉलर भरले की समोरची वाहतूक थांबवून सोडायचे. ७ जून २०२६ पासून तेही बंद. ११ फूट ४ इंचांहून उंच किंवा ७ फूट १० इंचांहून रुंद गाडी त्या रस्त्यावर घेणार नाहीत, आणि छोट्या व्हॅन सोडल्या तर भाड्याची आर.व्ही. आठ फुटांहून रुंदच असते.

म्हणजे तुला हरिकेन गावाला मागे येऊन ५९ नंबरच्या रस्त्याने फ्रेडोनिया, कनाब करत जावं लागेल. सुमारे एकशे साठ मैल. चहापाणी धरून चार तास ठेव. रॉकव्हिलवरून डोंगरातला शॉर्टकट दिसला तर अजिबात वळू नकोस, तो कच्चा रस्ता आहे. मधला तुकडा ॲरिझोनातला, तिथे फोनचं घड्याळ एक तास मागे जाईल. गोंधळू नकोस, कनाबला पुन्हा पुढे येतं.

तीस फुटी गाडीचा मोह सोड. चौघांना पंचवीस फुटी पुरते. लांब गाडीचं शेपूट मागच्या चाकांच्या बरंच मागे असतं. पेट्रोल पंपावर झटकन वळलास की ते उलट्या बाजूला झुकतं आणि खांबाला घासतं. पंपातून निघताना आधी गाडी सरळ पुढे काढ, मग वळव. आणि उंचीचा आकडा चिठ्ठीवर लिहून डॅशबोर्डवर चिकटव.

झायनच्या वॉचमन कॅम्पग्राउंडचं बुकिंग सहा महिने आधी उघडतं. ३ ऑक्टोबरची रात्र हवी तर ३ एप्रिलला तुझ्या, म्हणजे पूर्व किनाऱ्याच्या, सकाळी दहाला लॉगिन करून तयार बस. विजेची जागाच घे, कारण पुढे ब्राइसच्या आणि कॅपिटल रीफमधल्या फ्रुटाच्या कॅम्पग्राउंडमध्ये वीज मिळत नाही.

खरी परीक्षा ब्राइसची. उंची आठ हजार फूट, ऑक्टोबरात रात्री पारा शून्याखाली. हीटर गॅसवर चालतो, पण त्याचा पंखा बॅटरीवर. समज, बॅटरी शंभर अँपिअर-अवरची आहे. साध्या लेड-ॲसिडची अर्धीच वापरायची, म्हणजे हातात पन्नास. पंखा तासाला सात-आठ खातो. रात्रभरात थांबत-थांबत पाच तास चालला तरी चाळीसच्या आसपास गेले. त्यात दिवे, पाण्याचा पंप, फोनचं चार्जिंग. पहाटे चारला व्होल्टेज पडतं आणि सिलिंडर भरलेला असूनही हीटर बंद! म्हणून संध्याकाळी परवानगीच्या वेळेत जनरेटर चालवून बॅटरी भरून घे, हीटर पंधरा अंशांवर ठेव, जाड रजया ने. जनरेटर गाडीच्याच टाकीतून पेट्रोल ओढतो आणि टाकी पाव राहिली की मुद्दाम बंद पडतो. ब्राइसला पोचण्याआधी टाकी फुल्ल कर.

वीज असेल तिथेही जपून. तीस अँपिअरच्या लाइनवर एसी तेरा-चौदा घेतो, इंडक्शन शेगडी पंधरा. त्यात मायक्रोवेव्ह लावलास की ब्रेकर पडलाच. त्यापेक्षा गाडीतल्या गॅसवर कुकर लाव. ब्राइसला पाणी ९२ अंशांनाच उकळतं, उघड्या पातेल्यात तूरडाळ शिजता शिजत नाही. कुकरलाही नेहमीपेक्षा दोन शिट्ट्या जास्त दे.

सांडपाण्याच्या टाक्यांचं ऐक, हे वहिनींना नको, तूच कर. अंघोळीचं आणि मोरीचं पाणी जातं ती ग्रे टँक आधी भरते. चौघांनी घरच्यासारख्या अंघोळी केल्या तर दोन दिवसांत. संडासाची ती ब्लॅक. तिचा व्हॉल्व्ह कायम बंद ठेवायचा. उघडा राहिला तर पाणी वाहून जातं, घट्ट माल तळाशी ढिगासारखा साचतो आणि तो मग कशानेही निघत नाही. रिकामी करताना हातमोजे घाल, आधी ब्लॅक, मग ग्रे. म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप धुऊन निघतो. नंतर ब्लॅकमध्ये सात-आठ लिटर पाणी आणि औषधाची पुडी टाक. टॉयलेट पेपर आर.व्ही.चाच. वॉचमन आणि फ्रुटा, दोन्हीकडे डंप स्टेशन, म्हणजे टाक्या रिकाम्या करायची जागा, आहे.

ब्राइसहून पुढचा १२ नंबरचा रस्ता देखणा, पण वर ९,६०० फुटांपर्यंत चढतो आणि एस्कलांटे गावाच्या पुढे हॉगबॅक नावाच्या अरुंद कड्यावर दोन्हीकडे दरी, कठडा नाही. उतारावर टो-हॉल बटण (इंजिनाने वेग आवरणारं) दाबून खालचा गिअर धर. ब्रेकवर सतत पाय ठेवू नकोस. वेग वाढला की जोरात दाबून सोड. जळका वास आला तर जागा बघून थांब आणि अर्धा तास ब्रेक निवू दे.

टायरची हवा रोज सकाळी, चाकं थंड असताना बघ. वेगासच्या उन्हातून ब्राइसच्या थंडीत गेलास की दर दहा अंश फॅरेनहाइटला साधारण दोन टक्के हवा कमी होते.

गाडीचं मॉडेल ठरलं की उंची, रुंदी आणि बॅटरीचे आकडे कळव. कंपनीच्या जाहिरातीतले नकोत, फोनवर विचारून घे, छपरावरच्या एसीसकट उंची.

तुझा,
अभय