मनोविकार कक्षातील परिचारिकांची सुरक्षा

महोदय,

नाशिकमधील एका रुग्णालयाच्या मनोविकार कक्षात मी परिचारिका आहे. गेल्या महिन्यात रात्रपाळीला औषधे देत असताना एका रुग्णाने मागून माझ्या गळ्यातील ओळखपत्राची फीत ओढली. कक्षातील मावशींनी त्याची बोटे एकेक करून सोडवली तेव्हा कुठे मला श्वास घेता आला. त्या रात्री २५ रुग्णांसाठी आम्ही दोघीच होतो. सकाळी त्याच रुग्णाने 'ताई, चहा झाला का?' असे विचारले. माझा त्याच्यावर मुळीच राग नाही.

राग आहे तो 'मनोविकार कक्षात हे चालायचेच' या उत्तराचा. परिचारिकांनाही संरक्षण देणाऱ्या राज्याच्या २०१० च्या कायद्यात हल्लेखोराला ३ वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. संतापलेल्या नातेवाइकांना तिचा धाक वाटेलही, पण भ्रमाच्या भरात हात उगारणाऱ्या रुग्णाला शिक्षेची भीती कशी रोखणार? शिवाय केवळ कर्मचारी अपुरे आहेत म्हणून रुग्णाला बांधून ठेवता येणार नाही, असे मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ स्पष्ट बजावतो, आणि ते योग्यच आहे. म्हणजे पुरेसे मनुष्यबळ देण्याला पर्यायच उरत नाही. रात्रपाळीत किमान एक प्रशिक्षित परिचारक, हाताशी धोक्याची घंटा आणि अस्वस्थ होऊ लागलेल्या रुग्णाला बोलून शांत करण्याचे नियमित प्रशिक्षण एवढे तरी रुग्णालय प्रशासनांनी द्यावे. ओढताच सुटणारी फीत तर अगदी किरकोळ खर्चात मिळते. प्रत्येक हल्ल्याची लेखी नोंदही व्हावी. माझ्या बाबतीत ती अद्याप झालेली नाही.

– एक परिचारिका, पंचवटी, नाशिक