फोटोतल्या त्या बाईचे नाव लिहा

मा. सांस्कृतिक कार्यमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
सविनय नमस्कार.

जुन्या संगीत नाटकांच्या छायाचित्रांविषयी एक मागणी आहे. 'स्वयंवर' १९१६ साली रंगभूमीवर आले. त्यातल्या रुक्मिणीचा फोटो समोर आला की भूमिकेचे नाव आणि बालगंधर्वांचे नाव, दोन्ही आपल्या तोंडी एकदमच येतात. पदर कसा घ्यावा, अंबाड्यात फुले कशी माळावीत, हे घरंदाज बायका त्यांच्याकडे बघून शिकल्या. आदर्श स्त्रीचा तो चेहरा एका पुरुषाचा होता आणि त्याचे नाव आपण जपले. ते योग्यच झाले.

पण स्वतः रंगमंचावर उभ्या राहिलेल्या बायकांचे काय? फक्त स्त्रियांच्या नाटक मंडळ्या आपल्याकडे होत्या आणि त्यांत पुरुषपात्रेही बायकाच रंगवत. असा एखादा फोटो नीट पाहावा. मागे रंगवलेला महालाचा पडदा, शेजारी कोरीव खुर्ची, डोक्याला फेटा, ओठावर चिकटवलेली मिशी, आणि नजर थेट कॅमेऱ्यात. त्या काळी घरातल्या बाईचा फोटो निघालाच, तर बहुधा कुणाची तरी पत्नी किंवा आई म्हणून. ही बाई मात्र तिथे स्वतःच्या कामाच्या जोरावर उभी आहे. समाजाने तिला नावे ठेवली, अनेक घरांनी तिचे फोटो ट्रंकेत दडवले. आज ते संग्रहात पोचले तरी खाली लिहिलेले असते 'नटी' किंवा 'अज्ञात स्त्री'. मला हे फार लागते.

१९१३च्या 'मोहिनी भस्मासुर' या चित्रपटामुळे दुर्गाबाई कामत आणि कमलाबाई या मायलेकींची नावे टिकली, कारण सिनेमाच्या इतिहासाला त्यांची गरज होती. नाटकातल्या कितीतरी जणींना तेवढेही लाभले नाही.

संग्रहातल्या फोटोंचे स्कॅनिंग केवळ दर्शनी बाजूचे करू नका. कार्डाच्या पाठीवर स्टुडिओचा छाप असतो, कधी पेन्सिलीने लिहिलेले नाव किंवा नाटकाचा उल्लेख असतो. ती पाठही टिपली गेली पाहिजे. काचेच्या निगेटिव्हवरचा थर दमट हवेत सुटतो, त्यामुळे त्यांना आधी हात घाला. वयोवृद्ध कलावंतांच्या घरी माणसे पाठवा. जुन्या चेहऱ्यांची ओळख सांगणारे फार थोडे उरले आहेत.

आणि नोंदणीच्या तक्त्यात 'भूमिका' आणि 'कलावंत' असे दोन वेगळे रकाने ठेवण्याचा लेखी आदेश आपल्या विभागाने काढावा, ही विनंती.

आपली,
रंगभूमीची एक अभ्यासक